हा सेनापती नव्हे, शिलेदार आहे

अर्धविराम

गेली तीन वर्षं एक कादंबरी लिहितेय. राज्य काल्पनिक, नद्या-डोंगर काल्पनिक, काळ तोफा नुकत्याच येऊ लागल्या तेव्हाचा. मध्यभागी एक सेनापती आणि एकच मोठी लढाई. तिच्यासाठी पाच प्रकरणं ठेवली आहेत. पहिल्या खर्ड्यात तो सेनापती लढाईभर टेकाडावरच्या डेऱ्यात होता. जासूद यायचे, खबर सांगायचे, तो नकाशावर बोट ठेवून हुकूम द्यायचा, जासूद परत निघायचे. चार जणांना वाचायला दिलं आणि चौघांनीही एकच सांगितलं: लढाई सुरू झाली आणि गोष्ट थांबली.

म्हणून दुसऱ्या खर्ड्यात त्याला घोड्यावर बसवलं. डावी फळी कोसळते, तो डेरा सोडतो, तलवार उपसतो, शंभर स्वारांनिशी शत्रूच्या गर्दीत घुसतो. चौघांनाही प्रकरण आवडलं. एकीने रात्री दोन वाजता मेसेज केला की डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाचव्या माणसाकडे गेलं, ज्यांनी उभी हयात पायदळात काढली आहे. त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, "हा सेनापती नव्हे, शिलेदार आहे." खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: "हा इथे लढतोय तोवर उजव्या फळीला हुकूम कोण देतंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती तीन पानं उजवी फळी कादंबरीतून नाहीशीच झाली होती.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात घोळतोय. सेनापतीने स्वतः तलवार उपसली की गोष्ट चांगली होते आणि लढाई बिघडते, असं आहे का? नेसरी घ्या. २४ फेब्रुवारी १६७४. हाती आलेल्या बहलोलखानाला सोडल्याबद्दल महाराजांचे खरमरीत शब्द आले, ते प्रतापरावांच्या जिव्हारी लागले, आणि सहा स्वारांनिशी ते खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही पडले. त्यावरची कविता आपल्याला शाळेपासून पाठ आहे, आजही ऐकली की अंगावर काटा येतो, आणि तो यावाच. पण मागे राहिलेल्या फौजेला त्या संध्याकाळी सरनौबत नव्हता. पुढे हंबीरराव मोहित्यांनी ती जागा घेतली. कवितेत ती फौज नाही.

आणि पानिपत. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. हौदा रिकामा दिसला आणि फौजेचा धीर सुटला. त्याच वेळी अब्दाली मागे होता. पळणाऱ्यांना परत फिरवायला माणसं धाडत होता, राखून ठेवलेली ताजी फौज उतरवत होता. त्या दुपारी सेनापतीचं काम कोण करत होतं, हे लिहितानासुद्धा मला जड जातं. आपल्या सगळ्या कथा-कादंबऱ्या भाऊसाहेबांसोबत घोड्यावर बसतात. मीही बसते.

तर प्रश्न असा: जो सेनापती जागचा हलत नाही, त्याची गोष्ट लिहायची कशी? ज्यांनी लष्करात काम केलंय त्यांनी आणि जे लिहितात त्यांनी, दोघांनीही सांगावं.

जुना_पायदळी

ज्यांनी समासात ते लिहिलं त्यांना माझा सॅल्यूट सांगा.

मी बटालियनची कमान सांभाळली आहे. युद्धात नाही, सरावात आणि शांततेच्या काळात, त्यामुळे तेवढ्यापुरतंच बोलतो. हल्ल्याआधी ओ ग्रुप होतो, म्हणजे हुकूम देण्याची बैठक. जमिनीवर सँड मॉडेल: मातीचे उंचवटे, नाल्यासाठी निळी दोरी, शत्रूच्या मोर्च्यांवर लाल चिठ्ठ्या. कंपनी कमांडर भोवती गुडघ्यावर वही घेऊन बसतात. हुकुमाचा क्रम ठरलेला: शत्रू, आपली फौज, मिशन, अंमलबजावणी, रसद, संपर्क. यात मिशनचं वाक्य दोनदा वाचतात. बाकी सगळं एकदा, ते मात्र दोनदा, सावकाश. कारण रात्री बाकी सगळं विसरलं, नकाशा भिजला, रेडिओ बंद पडला, तरी ते एक वाक्य डोक्यात राहिलं पाहिजे. मग घड्याळं मिळवायची. मग "काही शंका?" एखादा काहीतरी विचारतो, बाकीचे वह्या मिटतात आणि आपापल्या कंपनीकडे निघून जातात.

यानंतरचे तास कोणी लिहीत नाही. कमांडरला आता करण्यासारखं काही नसतं. रेडिओवर शांतता पाळायची असते. हँडसेटमधून नुसती खरखर येते आणि ती खरखर ऐकत बसायचं. आपण बोललेल्या वाक्यांवर चारशे-पाचशे माणसं अंधारात चालत असतात आणि आपण बसलेले असतो. लढाई लागली की हातात एकच गोष्ट उरते, राखीव कंपनी. ती कुठे आणि कधी टाकायची. लवकर टाकली तर पुढे लागेल तेव्हा हात रिकामे. उशीर झाला तर टाकायला जागाच उरत नाही. तुमच्या सेनापतीकडे राखीव फौज आहे का? नसेल तर आधी द्या. निर्णय शिल्लक असेल तर माणूस डेऱ्यात बसूनही गोष्ट थांबत नाही.

माझी एक चूक सांगतो. रात्रीचा सराव होता. एक प्लाटून नाल्यात अडकली. मला ती जागा पाठ होती, मी हँडसेट घेतला आणि कंपनी कमांडरच्या डोक्यावरून थेट प्लाटून कमांडरला वाट सांगू लागलो. डावीकडे वळ, बांध चढ, झाडापाशी थांब. वीस मिनिटं. प्लाटून बाहेर आली, मला फार बरं वाटलं. तेवढ्या वेळात दुसऱ्या बाजूच्या कंपनीला शत्रूच्या रांगेत फट सापडली होती आणि ती तीनदा परवानगी मागून थांबली होती. माझा सिग्नलर दुसरा हँडसेट हातात धरून माझ्याकडे बघत उभा होता. तो बोलला नाही, कारण मी बोलत होतो. त्या वीस मिनिटांत मी उत्तम प्लाटून कमांडर होतो आणि बटालियनला कमांडर नव्हता. तुमच्या घोड्यावरच्या सेनापतीने हेच केलंय, फक्त तलवार घेऊन.

सांजवारा

काका, "तो बोलला नाही, कारण मी बोलत होतो" हे वाक्य वाचून थांबले. अर्धविराम, तुमच्या डेऱ्यातही असा एक सिग्नलर हवा.

नकाशेवाला

मी लष्करातला नाही, जुन्या लढायांचे नकाशे जमवतो. जागचा न हलणारा सेनापती म्हटलं की मला कंटाळा आठवत नाही, भीती आठवते. त्याला जे दिसतं ते त्याच्या माणसांना दिसत नाही, आणि त्यांना जे दिसतं ते त्याला.

२५ ऑक्टोबर १८५४, क्रायमियातलं बालाक्लाव्हा. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंच कड्यावर उभा. खालची सगळी जमीन त्याच्यापुढे ताटासारखी. सकाळी गमावलेल्या तोफा रशियन सैनिक बाजूच्या उंचवट्यावरून ओढून नेताहेत, हे त्याला स्पष्ट दिसतंय. तो हुकूम धाडतो की घोडदळाने ताबडतोब पुढे जावं आणि शत्रूला तोफा नेऊ देऊ नये. कॅप्टन नोलन तो कागद घेऊन कड्यावरून खाली उतरतो. खाली घोडदळाचा प्रमुख लॉर्ड लुकन दरीच्या तळाशी आहे. तिथून त्या तोफा दिसतच नाहीत. त्याला दिसणाऱ्या तोफा फक्त दरीच्या पार टोकाला, रशियन फौजेच्या रांगेत आहेत. "कुठल्या तोफा?" असं तो विचारतो, नोलन हात करून दरीकडे दाखवतो, आणि साडेसहाशेहून जास्त स्वार तीन बाजूंनी तोफा असलेल्या दरीत शिरतात. नोलन पहिल्या काही क्षणांतच मारला गेला. नेमकं काय दाखवायचं होतं ते विचारायला माणूसच उरला नाही.

यावरही कविता झाली. तीही स्वारांच्या शौर्यावर आहे. कागदावर "कुठल्या तोफा" हे दोन शब्द लिहायचे राहिले, त्यावर कविता होत नाही. मला वाटतं कादंबरी होऊ शकते.

दुसरं उदाहरण गेटिसबर्गचं, अमेरिकेच्या यादवी युद्धातलं. १ जुलै १८६३ च्या संध्याकाळी जनरल ली यांनी हाताखालच्या जनरल यूएल यांना सांगितलं की जमत असेल तर समोरची टेकडी घ्या. यूएल यांना जमण्यासारखं वाटलं नाही, त्यांनी घेतली नाही, आणि पुढचे दोन दिवस त्याच उंचवट्यांवर बसलेल्या शत्रूशी लढावं लागलं. ली यांना असे मोकळे हुकूम द्यायची सवय होती ती स्टोनवॉल जॅक्सनमुळे. जॅक्सन मे महिन्यातच गेले होते. हुकूम देणारा तोच, शब्दांची धाटणी तीच, ऐकणारा बदलला होता. तुमचा सेनापती हुकूम लिहीत असेल तेव्हा तो कोणासाठी लिहितोय आणि तो माणूस अजून जिवंत आहे का, एवढं जरी वाचकाला ठाऊक असलं तरी पान धगधगेल.

शब्दवेडी

या धाग्यावर महाभारत येणं भागच आहे. आपल्याकडे युद्धाची चार पर्वं सेनापतींच्या नावाने आहेत. भीष्म, द्रोण, कर्ण, शल्य. दहा दिवस, पाच दिवस, दोन दिवस, आणि शेवटच्या दिवसाचा काही भाग. चौघेही कौरवांचे, म्हणजे हरणाऱ्या बाजूचे. पांडवांचा सेनापती अठराही दिवस एकच होता, धृष्टद्युम्न. तो रोज व्यूह रचतो, सात अक्षौहिणी घेऊन अकरांना तोंड देतो, आणि त्याच्या नावाचं पर्व नाही. रस्त्यात कोणालाही पांडवांचा सेनापती कोण म्हणून विचारा, दहातले आठ जण अर्जुन म्हणतील.

हे का, यावर मी बरीच वर्षं विचार केला आहे. कौरवांच्या प्रत्येक सेनापतीच्या पोटात एक गाठ आहे. भीष्म म्हणतात, रोज हजारो मारीन पण पांडूच्या मुलांना मारणार नाही. शिवाय ते आहेत तोवर कर्ण लढणार नाही, म्हणजे दहा दिवस सर्वांत ताकदीचा धनुर्धर डेऱ्यात बसून. द्रोणांना सांगितलं जातं, युधिष्ठिराला जिवंत पकडा. समोर सगळे शिष्य. कर्णाचा सारथीच त्याचा धीर खचवत असतो. सेनापतिपद आणि माणूस यांची ओढाताण, तिथे व्यासांना पर्व सापडलं. धृष्टद्युम्नाच्या मनात अशी ओढाताण नाही. द्रोणांना मारायला तो जन्मला आणि त्याने मारलं. त्याच्याकडे काम आहे, गाठ नाही.

म्हणून माझं मत जुना_पायदळी काकांपेक्षा थोडं वेगळं आहे. राखीव फौज हवीच, पण तेवढ्याने भागणार नाही. अर्धविराम, तुमच्या सेनापतीला काय करायचं नाहीये ते मला सांगा. कोणती आघाडी त्याला वाचवायची आहे आणि वाचवता येणार नाही? तिथे त्याचा कोण आहे?

रानवाट

सगळ्यांचं वाचलं. पटत नाही. आणि का पटत नाही ते नीट सांगतो.

सैनिक नकाशासाठी मरत नाही. तो समोर दिसणाऱ्या माणसासाठी मरतो. सिकंदर गौगामेलाला, इ. स. पूर्व ३३१ मध्ये, स्वतः घोडदळाच्या टोकाशी होता आणि इराणी सम्राट दारियसच्या दिशेने स्वतः घुसला. दारियस पळाला, फौज फुटली. तिथे सेनापतीने तलवार उपसली आणि लढाई बिघडली नाही, जिंकली गेली. मागे सुरक्षित बसून हुकूम सोडणाऱ्याच्या शब्दाला वजन कुठून येणार? पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर मैलोन् मैल मागे बंगल्यांत बसून हल्ल्यांमागून हल्ले पुकारले गेले, त्याची चीड तिकडच्या साहित्यात अजून ताजी आहे.

नेसरीबद्दल मला खूप मनापासून बोलायचंय. प्रतापरावांनी फौज घेऊन हल्ला केला नाही, हे आपण चूक म्हणून मांडतोय. मला त्यात दुसरं काहीतरी दिसतं. चूक माझी, तर किंमत माझी. त्यासाठी हजारो माणसं कापून घेणार नाही. त्यांनी फौजेला मागे ठेवलं. सोबत आले ते सहा जण. सेनापतीने आपल्या अपमानाचा हिशेब फौजेच्या रक्ताने चुकता करू नये, हेही सेनापतीचंच भान नाही का? या बाजूनेही लिहा कोणीतरी.

जुना_पायदळी

रानवाट, नेसरीचं तुम्ही जे म्हणालात त्यावर मी दोन दिवस विचार केला. उत्तर देणार नाही. ती बाजू मी पाहिली नव्हती.

बाकी मुद्द्यावर मात्र बोलतो. सेनापती पुढे असावा की मागे, हा प्रश्नच मला आता अपुरा वाटतो. तो पडला तर काय होतं, हे विचारा. भाऊसाहेबांच्या आधी १०३ वर्षं, सामूगढला दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला आणि नेमकं हेच झालं. हौदा रिकामा, फौज पांगली. आता ट्रफाल्गारची आरमारी लढाई पाहा. २१ ऑक्टोबर १८०५. ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन आपल्या जहाजाच्या डेकवर, कोटावरच्या मानचिन्हांसकट, शत्रूच्या बंदूकधाऱ्यांच्या टप्प्यात. तुमच्या आवडीचा, समोर दिसणारा सेनापती. दुपारी सव्वाच्या सुमाराला गोळी लागली, साडेचारच्या सुमाराला गेला. ब्रिटिशांनी एकही जहाज गमावलं नाही. लढाई त्याच्यावाचून पूर्ण झाली. कारण काही दिवस आधीच त्याने कप्तानांना जहाजावर जेवायला बोलावून सगळी योजना समजावली होती, आणि ९ ऑक्टोबरच्या लेखी सूचनेत म्हटलं होतं की निशाणं दिसली नाहीत किंवा कळली नाहीत, तरी जो कप्तान आपलं जहाज शत्रूच्या जहाजाला भिडवेल त्याचं फारसं चुकणार नाही. एवढं एक वाक्य सत्तावीस जहाजांना पुरलं. मिशनचं वाक्य दोनदा वाचतात म्हणालो, ते याचसाठी.

आपल्याकडचं सांगायचं तर १९७१ चं. जनरल सगत सिंग यांची कोअर मेघना नदीपर्यंत पोचली, पूल शत्रूने उडवलेला. ढाका घ्या असं त्यांच्या लेखी कामगिरीत नव्हतं. त्यांनी ९ डिसेंबरला एमआय-४ हेलिकॉप्टरांनी जवान पलीकडे उतरवायला सुरुवात केली. एका हेलिकॉप्टरात मूठभर माणसं, म्हणून फेऱ्यांवर फेऱ्या. स्वतः हेलिकॉप्टरमधून जागा पाहायला जायचे, गोळ्यांच्या टप्प्यात. म्हणजे पुढे होते, रानवाट, तुम्ही म्हणता तसेच. पण पुढे गेले ते बघायला. बघून परत येऊन निर्णय घ्यायला.

रानवाट

काका, "बघायला पुढे" हे पटलं. सिकंदराबद्दलही एक कबूल करतो. त्याआधीच्या ग्रॅनिकसच्या लढाईत त्याच्या क्लायटस या सरदाराने वेळेवर वार केला नसता तर तो तिथेच संपला असता आणि गौगामेला झालंच नसतं.

रसदीचा_हिशेब

सगळे लढाईच्या दिवसाबद्दल बोलताहेत. मी आयुष्यभर स्टोअर सांभाळलं, त्यामुळे माझं लक्ष आधीच्या दिवसांकडे जातं.

पानिपतचा निकाल १४ जानेवारीच्या दुपारी लागला असं आपण म्हणतो. छावणी त्याआधी कित्येक आठवडे उपाशी होती. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीची उरलीसुरली आशा संपली. जनावरं मरत होती. त्या दिवशी भाऊसाहेब बाहेर पडले ते लढाईसाठी चांगला दिवस निवडून नव्हे, अन्न संपलं म्हणून. रिकामा हौदा आपल्याला आठवतो, रिकामी कोठारं आठवत नाहीत.

याच्या उलट बाजूचा एक सेनापती मला फार जवळचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर जनरल स्लिम. त्यांच्या सैन्यात निम्म्याहून जास्त माणसं हिंदी होती. १९४३ मध्ये परिस्थिती अशी की जखमी होऊन मागे आणावा लागणाऱ्या एका माणसामागे आजाराने मागे आणावी लागणारी १२० माणसं. मलेरिया, जुलाब. शत्रूची गरजच नव्हती, फौज आपोआप वितळत होती. औषध होतं, मेपाक्रिनच्या गोळ्या. माणसं गोळी टाळायची, अफवा असायच्या. स्लिम यांनी अचानक तपासण्या सुरू केल्या. अख्ख्या पलटणीचं रक्त तपासायचं. ९५ टक्क्यांपेक्षा कमी माणसांच्या रक्तात औषध सापडलं तर कमांडिंग अधिकारी घरी. तीन जणांना काढावं लागलं, मग बाकीच्यांना अर्थ कळला, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. कोहिमाला शत्रू किती येईल याचा आपला अंदाज साफ चुकला, हेही त्यांनीच लिहिलंय.

तुमच्या कादंबरीत सेनापती जवानाच्या तोंडात गोळी गेली का हे बघताना दिसेल? मला ते प्रकरण वाचायला आवडेल. खरंच.

सांजवारा

मलाही. आणि तोफा नुकत्याच येण्याच्या काळात गोळीऐवजी पाणी असेल. कुठल्या विहिरीचं प्यायचं आणि कुठल्या नाही.

शब्दवेडी

एक कागद दाखवते. सेनापतीची गोष्ट नुसत्या लेखणीत कशी मावते ते बघा.

जून १९४४. नॉर्मंडीवर उतरायचा दिवस ५ जून ठरलेला. हवामान बिघडलं, दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी एक दिवस पुढे ढकललं. हवामानखात्याचे ग्रुप कॅप्टन स्टॅग यांनी सांगितलं की थोडी उघडीप मिळेल. होकार दिला. मग जुना_पायदळी काका म्हणतात ते तास सुरू झाले, ज्यात करण्यासारखं काही नसतं. त्या तासांत त्यांनी एका छोट्या कागदावर पेन्सिलीने चार वाक्यं लिहिली. हल्ला फसला तर जाहीर करायचं निवेदन. ते वापरावं लागलं नाही म्हणून आपल्याला पाहायला मिळतं. तारीख ५ जुलै पडली आहे. महिना चुकला, इतका तो माणूस थकला होता.

पण मला त्यातल्या खाडाखोडीनं वेड लावलं. आधी त्यांनी लिहिलं होतं, मराठीत सांगायचं तर, "सैन्य मागे घेण्यात आले आहे." ते खोडलं आणि लिहिलं, "मी सैन्य मागे घेतले आहे." पुढे "ही मोहीम" असे शब्द होते, ते खोडून "हल्ल्याचा माझा निर्णय" केलं. सैनिकांनी, विमानदलाने, आरमाराने शौर्याची शर्थ केली, दोष असेल तर तो एकट्या माझा, असा शेवट, आणि "एकट्या माझा" खाली रेघ.

आपण मराठीत रोज वाचतो: कारवाई करण्यात येत आहे, चौकशी करण्यात येईल, निर्णय घेण्यात आला. कर्मणी प्रयोगात कर्ता दडवता येतो. कोणी घेतला निर्णय? वाक्यात माणूसच नाही. त्या रात्री एका सेनापतीने पेन्सिलीने वाक्यात माणूस परत आणला. घोडा नाही, तलवार नाही. मला तरी यापेक्षा मोठं युद्धदृश्य ठाऊक नाही.

अर्धविराम

दहा दिवस काही लिहिलं नाही, कारण प्रकरणच परत लिहीत होते. शब्दवेडीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. डाव्या फळीवर त्याचा धाकटा भाऊ आहे. आधीच्या खर्ड्यात तो भाऊ नव्हताच. काका, राखीव फौज दिली आहे, आठशे स्वार, टेकाडाच्या मागे. एक तुकडा इथे ठेवते.

"पहिला जासूद म्हणाला, डावी फळी मोडली. दुसरा त्याच्या मागोमाग आला आणि म्हणाला, डावी फळी ओढ्यापलीकडे गेली, शत्रू मागे रेटला. दोघांच्याही घोड्यांच्या तोंडाला फेस होता. दोघेही खरं बोलत असल्यासारखे दिसत होते.

सेनापतीने पहिल्याला विचारलं, 'हे तू पाहिलंस की ऐकलंस?'

'ऐकलं, सरकार. पळून आलेल्यांकडून.'

'आणि तू?'

'पाहिलं, सरकार. ओढ्यात आपलं निशाण पाहिलं.'

'निशाणाशी कोण होतं?'

जासूद गप्प झाला. डेऱ्यातल्या सगळ्यांना कळलं की सेनापतीने काय विचारलं आणि का विचारलं. राखीव स्वारांचा नाईक दाराशी उभा होता, एक हात लगामावर. सेनापतीने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने उजव्या फळीच्या जासूदाला पुढे बोलावलं."

तो भावासाठी स्वार पाठवत नाही, म्हणजे अजून तरी. लिहिताना दोनदा त्याला घोड्यावर बसवावंसं वाटलं. दोन्ही वेळा उजवी फळी आठवली. रानवाट, नेसरीबद्दल तुम्ही लिहिलंत ते बाजूला ठेवलेलं नाही, शेवटच्या प्रकरणात त्याचा हिशेब करावा लागणार आहे.

जुना_पायदळी

वाचलं. दोनदा. "निशाणाशी कोण होतं" यावर मीही गप्प झालो.

एकच दुरुस्ती. दोन खबरा उलट असल्या की पाहिलंस की ऐकलंस हे आपण नंतर विचारतो. आधी वेळ विचारतो. बहुतेकदा दोन्ही खबरा खऱ्याच असतात, एक जुनी आणि एक ताजी. फळी आधी मोडली आणि मग सावरली, की आधी पुढे गेली आणि मग मोडली, हे ठरल्याशिवाय राखीव फौज हलवता येत नाही. तुमच्याकडे घड्याळं नाहीत. सूर्य, सावली, तोफेचा कितवा बार, काहीतरी वापरा.

अर्धविराम

बदललं, काका. आता तो दोघांनाही आधी विचारतो, "निघालास तेव्हा निशाणाच्या काठीची सावली कुठे पडत होती?" पहिला म्हणतो, काठीच्या बुडाशी. दुसऱ्याला आठवत नाही.